पेन्सिलीनं काढलेला टॅब

३ फेब्रु.
आज मॅडमनं थर्ड इयरच्या पोट्ट्यांकडून टॅबचं चित्र काढून घेतलं. जर्नलमधी. हृदयाचं काढतात तसं, बाण मारून नावं. सेव्हचं बटण लाल पेन्सिलीनं. खरे दहा टॅब दिवाळीपासून माझ्या स्टोअरच्या कपाटात, वरचं प्लास्टिक पण निघालं नाई. चावी मॅडमजवळ, शनिवारी चार्जिंगपुरती मिळते. राजुऱ्यात चार वर्षं मोबाईल दुरुस्त केले, अन् एवढ्या दूर नर्सिंग कॉलेजात येऊन हे काम. डोकं फिरते.

५ फेब्रु.
रजनी जर्नल घेऊन आली. "मारोतीभाऊ, 'पुढे' दाबल्यावर काय दिसते?" चित्र एकाच पानाचं, तिले काय दिसणार! मागच्या साली बीपी मोजायच्या प्रॅक्टिकलमधी नापास. १८ ले पुन्हा आहे, या साली नोंद टॅबवर करायची. बाप म्हणते, या खेपेले गेली तं चामोर्शीले परत ये, बस झालं शिक्षण.
मॅडमले म्हटलं, पोट्ट्यांच्या हाती टॅब द्या.
"फुटला तर जबाबदार कोण? नववी नापास माणसानं नर्सिंग शिकवू नये. तू चार्जिंग कर."
बरं.

८, शनि.
चार्जिंगच्या नावानं पाच जणींले स्टोअरमधी बोलावलं. होस्टेलच्या सुशीलाबाई दारात स्टूल टाकून बसल्या, कोणी काही बोलू नये म्हणून.
रजनी चित्रातल्या जागेवर बोट दाबते. बटण तिथी नाईच, खाली आहे.
"अवं, वर सरकव ना!"
"चित्रात सरकत नाई, भाऊ."
दिवसभर रील सरकवते ही पोट्टी!
पेशंट मीच. तिनं दंडाले बीपीचा पट्टा बांधला. मशीनवर १६०/१००, अन् ही लिहिते १२०/८०.
"काऊन?"
"जर्नलमधी तेच असते."
ओरडलोच. मशीन काय दाखवून राह्यली, तू काय लिहून राह्यली? नर्स होऊन हेच करशील? खरं लिहायले लावलं. आख्खा टॅब लाल. 'डॉक्टरकडे पाठवा.' लाल पान चित्रात नव्हतं.
सुशीलाबाई : "बाबू, तुले खरंच बीपी हाय का रे?"
हसण्यावारी नेलं.

१०
मले वाटलं सरावाचं आहे. नोंद खरीच झाली, माझ्या नावानं थेट आरोग्य केंद्रात पोचली. आरोग्य केंद्राच्या सिस्टरचा फोन थेट मॅडमले, तुमच्या माणसाले पाठवा, बीपी जास्त आहे.
"मुलींच्या हातात टॅब कोणी दिले?"
मी.
टॅब मॅडमच्या केबिनमधी गेले. चार्जिंगचं काम पण गेलं. "प्रॅक्टिकल होऊ दे, मग तुझं बघते." बीपीचं कोणी विचारलं नाई. मी पण कुठी गेलो दाखवायले...

१७
मॅडमले पुन्हा सांगितलं, त्या शनिवारी चार्ज करायचे राहिले, टॅबची चार्जिंग उतरली असंल.
"बंदच आहेत ना, मग कशी उतरेल?"

१८
उतरलीच. दहाच्या दहा. बाहेरचे परीक्षक सर घड्याळ बघून राह्यले. मॅडम पहिल्यांदाच हळू आवाजात, "मारोती, चार्जर आण." एक टॅब वायर लावून कसातरी चालू केला. पहिला नंबर रजनीचा. पेशंट पाहिजे. बसलो खुर्चीवर.
१५८/९८. तिचं बोट थांबलं. मागं मॅडम उभ्या. मी पंख्याकडं बघत राह्यलो. तिनं पान वर सरकवलं, १५८ लिहिलं. लाल.
सर म्हणाले, "आता?"
ती सरांकडं न बघता मलेच, "भाऊ, पाच मिनिटं गुमान बसा. बोलू नका. परत घेते."
परत घेतलं, तेवढंच आलं. लिहिणार, तं मॅडमचा पाय वायरीत अडकला, वायर निघाली अन् टॅब बंद. मग तिनं जर्नलचं पान फाडलं, दोन्ही वेळचं बीपी लिहिलं, खाली 'दवाखान्यात पाठवले' अन् सही. पान माझ्या हाती. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. हसले नाई, रागावले पण नाई.
बाहेर आल्यावर दहादा विचारलं तिनं, "काय लिहिलं असंल हो, भाऊ?" मले काय माहीत.
पान खिशात आहे. मागून टॅबचं चित्र, लाल बटणासकट. उद्या सकाळी दवाखान्यात जा म्हणते रजनी. मॅडमनं उद्या कामावर ये म्हटलं नाई, नको येऊ पण म्हटलं नाई. चार्जर परत मागितला नाई.