म्हातारा नर कोणता, काका?

प्रिय सुधीरकाका,

आज पहाटे तो दिसला! तुमचा म्हातारा फॅलो हरणाचा नर, डाव्या कानाला चीर असलेला. मोबाइल काढून तुमचा नंबर लावायला गेलो आणि थांबलो. तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले, तरी हात आधी तिकडेच जातो. म्हणून हे पत्र.

युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून मिल्टन कीन्सला परत आलो, तेव्हा घरात सगळे माझ्याशी जपून बोलायचे. तुम्ही मात्र म्हणालात, "रिकामाच आहेस ना? उद्या पहाटे माझ्याबरोबर चल." आयटीतून रिटायर झालेला पुणेरी माणूस, ग्रॅहमच्या मालकीच्या रानात दुर्बीण लावून तीन तास गप्प! काकू म्हणायच्या, "घरी तीन मिनिटं तोंड मिटत नाही यांचं."

ती शेवटची सकाळ डोक्यातून जात नाही. तिथूनच स्टॅनमोरला मितालीकडे जायचं, म्हणून मी आफ्टरशेव्ह थापून आलो होतो. वारा आपल्याकडून त्या म्हाताऱ्या नराकडे. तो झाडीतून अर्धा बाहेर आला, नाक वर केलं, आणि पसार!

"गाढवा, भेटायला कुणाला आलायस, तिला की ह्याला?" तुम्ही कुजबुजलात.

मी भडकलो. "तुमचं खूळ तुम्हालाच लखलाभ," म्हणून निघून गेलो. नंतर तुमचे दोन कॉल उचलले नाहीत. काय जात होतं माझं उचलायला? आठवड्याने काकूंचा फोन आला.

आणि तुम्ही तरी! हरणाची लंगडी चाल लांबून ओळखायचात, मग स्वतःच्या छातीतलं दुखणं का लपवलंत?

माझ्या रागाला कंटाळून मितालीनेही सांगितलंय, "आधी शांत हो, मग बोलू." हसा आता.

पुढच्या आठवड्यात शिकारीचा सीझन सुरू होतोय. हरणं वाढली की कोवळी रोपं उरत नाहीत, एक नर टिपायचाच आहे, आणि तो सगळ्यांत म्हातारा. ग्रॅहमने मोठ्या शिंगांच्या नराकडे बोट केलं, "दॅट वन, निक. डेफिनेटली." माझ्याही तोंडात 'येस' आलं होतं. पण तुम्ही शिकवलंत ना, शिंगं दर वर्षी गळून नवी येतात, आणि म्हातारपणी ती लहान होत जातात. वय अंगावरून ओळखायचं.

म्हणून आज दोन तास हललो नाही. मी, दोन तास! मोठ्या शिंगांवाला आधीच बेफिकीर बाहेर आला. मान सडपातळ, पोट सपाट. ऐन उमेदीतला. तुमचा सगळ्यांत शेवटी आला. जाड मान, लोंबतं पोट, आणि शिंगं गेल्या वर्षीपेक्षा बारकी.

ग्रॅहमला सांगितलं, तर म्हणतो, "तुझे काका म्हणाले असते, तर मानलं असतं."

एरवी दुर्बीण आपटून घरी आलो असतो. पण काका, वचन देतो. उद्या त्याला शेजारी बसवीन आणि दोन्ही नरांची अंगं दाखवीन. नाही पटलं, तर परवा पुन्हा. माझं डोकं फिरलं म्हणून तो तरुण नर मरणार नाही.

तुमचा,
निखिल