ओटीतले चार दाणे

५ नोव्हेंबर

वहीची माफी मागून सुरुवात करते. मागची नोंद एप्रिलमधली आहे, आमची शाळा बंद झाली त्या आठवड्यातली. मधले सात महिने लिहिण्यासारखं काही नव्हतं असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. लिहायची लाज वाटत होती. शेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधणाऱ्या बाईने रोज काय लिहायचं? आजही कोणी बोलावलं नाही, एवढंच.

आता बोलावलं आहे, आणि नोकरीबरोबर घरही मिळालं आहे. वारज्यात, हायवेपासून दोन वळणं आत, एक रो-हाऊस. हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा, कोपऱ्यात तांब्याचा हंडा, मागच्या अंगणात चूल आणि तुळस. सगळं इतकं मराठी, की कुठल्याच मराठी घरात एवढं नसतं.

काम असं. मुंबईच्या बंदरात परदेशी प्रवाशांची मोठी बोट लागते आणि दोन दिवस थांबते. त्यातल्या पंधरा-वीस जणांना एका दिवसात बसने पुणं दाखवून परत नेतात. आधी आगाखान पॅलेस, मग तुळशीबाग, आणि परतीच्या वाटेवर पाऊण तास 'खरं मराठी घर'. ते घर हे, आणि घरातली बाई मी. येतील त्यांना कुंकू लावायचं, पिठलं-भाकरी वाढायची, गप्पा मारायच्या, निघताना बायकांच्या ओट्या भरायच्या.

सहलींचं सगळं बघणारा विश्वजीत तिशीतला आहे. माझा घटस्फोट होऊन अकरा वर्षं झाली, ओटी भरणं मला शोभेल का, असं मी त्याला आधीच विचारून घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, मंगळसूत्र घाला, झालं. ते काय सातबारा मागणार आहेत?" एक अट मात्र त्याने दोनदा सांगितली. पाहुणे जे विचारतील त्याचं उत्तर खरं द्यायचं. दागिना खोटा चालेल, उत्तर नाही. आधीच्या आनंदीबाई शेवटी शेवटी काहीबाही बनवून सांगायला लागल्या, तर तक्रारी आल्या. पाहुण्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. कळतं, म्हणाला.

उत्कर्षाला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. लेक सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, "आई, तू म्युझियममध्ये राहायला गेलीस. तिकीट किती?" पुष्कळ दिवसांनी दोघी एकदम हसलो.

१२ नोव्हेंबर

पहिली बोट पार पडली. अठरा पाहुणे, त्यात अकरा बायका. माणसं फार सभ्य. जेवण जवळजवळ तसंच राहिलं, पण प्रश्न मन लावून विचारतात आणि उत्तर ऐकताना पापणीही लववत नाहीत. इतकं लक्ष देऊन माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. राखाडी केसांच्या एका बाईंनी विचारलं, आईच्या हातचं काय आवडायचं? मी शेंगोळ्यांबद्दल सांगितलं. कुळथाचं पीठ, आईचा तळहात, वळताना ती काय गुणगुणायची ते. बाईंनी डोळे मिटून घेतले.

कामाला द्वारकाबाई आहेत, मांजरीहून दोन बस बदलून येतात. ओटीचं ताट मी हातात घेतलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाई, ओटीतलं चार दाणं माघारी ताटात टाकाय लावा त्यांना. न्हायतर घर हलकं होतं." रीत मला माहीत आहे. ओटी घेणारीने चार दाणे मागे ठेवायचे, घरातलं सगळं आपण नेऊ नये म्हणून. एका पाहुणीने द्वारकाबाईंचे हातवारे पाहून विचारलंही, की काही परत द्यायचं असतं का. मी नाही म्हटलं. पाहुण्याला दिलेलं परत कसं मागायचं? शिवाय इंग्रजीत ते नीट सांगता आलं नसतं.

हे दुसरं कारण खरं होतं, की पहिलं?

२० नोव्हेंबर

शेंगोळे करायला घेतले आणि हात थांबला. परातीत कुळथाचं पीठ, आणि पुढे काय करायचं ते सुचेना. मोबाइलवर कृती मिळाली. केले. खाल्ले. कोणाच्या तरी घरचे लागले. आई काहीतरी गुणगुणायची असं वर लिहिलं आहे. काय ते लिहिलेलं नाही, आणि आता आठवतही नाही. वय झालं असेल. या वयात शरीर बदलतं, विसरायला होतं, डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

९ डिसेंबर

मधल्या दोन बोटींनंतर माझी पहिली शाळा गेली आणि आजोळची विहीर गेली. 'गेली' हा शब्द विचार करून लिहिते आहे. कुठलीही गोष्ट मी पाहुण्यांना सांगते आणि मग ती माझ्याकडे राहत नाही. हे मनाचे खेळ असू शकतात, म्हणून तपासून बघायचं ठरवलं आहे. उद्या बोट आहे. दोन गोष्टी इथे लिहून ठेवते. पहिली सांगेन, दुसरी सांगणार नाही.

एक. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बडीशेपेची पुडी निघाली, अर्धी खाल्लेली. ती मी कोणाला न सांगता संपवली.

दोन. उत्कर्षा मला नको होती. संसार तेव्हाच मोडत आला होता. तिला माझ्या कुशीत ठेवायचे तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायची, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिंकली, आणि स्वतःच्याच शिंकेने इतकी दचकली की मला हसू फुटलं. मी तिला उचललं. त्यानंतर आजपर्यंत खाली ठेवलेली नाही. ती आठ वर्षांची असताना कोर्टात तिच्या आजीचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. घरी आल्यावर तिने विचारलं, मी तुला नको होते का? मी म्हटलं, जेवून घे. तिने परत कधी विचारलं नाही. हे तिला एकदा सांगायचं आहे. सगळं, शिंकेसकट.

११ डिसेंबर

काल पहिली गोष्ट सांगितली. रात्रीपर्यंत ती जागेवर होती, आज दुपारीही होती. बोट आज पाचला बंदर सोडणार हे विश्वजीतकडून माहीत होतं. साडेपाचला वही उघडली.

बडीशेपेच्या पुडीचं वाचलं. चांगलं लिहिलं आहे. कोणाचे तरी वडील.

दुसरी वाचली आणि वही छातीशी धरून बसले.

२२ डिसेंबर

आनंदीबाईंचा पत्ता द्वारकाबाईंकडून मिळाला. दुपारी येरवड्याला गेले. दार त्यांच्या सुनेने, पायलने उघडलं. आनंदीबाई बाहेर आल्या, हसल्या, म्हणाल्या, "या, बसा. पाणी घ्या. प्रवास कसा झाला? हा आमचा झोपाळा." त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीकडे हात केला.

पायल म्हणाली की आता एवढंच येतं. नवऱ्याचा फोटो रोज पुसतात आणि हे कोण म्हणून विचारतात. मुलगा समोर जेवत होता, त्यालाही त्या भाजी वाढताना पाहुण्यासारखी वाढत होत्या. पायल म्हणाली, "दोन वर्षं झाली, ताई. डॉक्टर झाले, देव झाले. तुम्हाला काय हवंय?"

निघताना आनंदीबाईंनी माझी ओटी भरली. हात सराईत होता. मी चार दाणे त्यांच्या ताटात परत टाकले. त्या दाण्यांकडे बघत राहिल्या, मग वळून मुलाला म्हणाल्या, "समर्थ, अरे, दही घे ना. कोरडं काय खातोस?" पायलच्या हातातला डाव खाली पडला. समर्थ उठलाही नाही, तसाच घास हातात धरून बसला. मिनिटभर असेल. मग आनंदीबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, या, बसा.

म्हणजे द्वारकाबाईंचं खरं आहे. दाणे मागे राहिले असते तर घर राहिलं असतं. मी भिडेपोटी नको म्हटलं.

३ जानेवारी

आज दाणे मागितले. नीट समजावून, हात जोडून. पाहुणे हसले, फोटो काढले, ओटीच्या पिशव्यांच्या बंदांना गाठी मारल्या. एकानेही टाकले नाहीत. विश्वजीत म्हणाला, "मॅडम, दिलेलं परत मागतात का? पुण्याचं नाव घालवाल."

प्रश्नाचं उत्तर खोटं देऊन पाहिलं. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. नुसते बघत होते — मी खरं सांगेपर्यंत.

५ जानेवारी

परवा काय खरं सांगितलं ते वर लिहिलेलं नाही. लिहायला विसरले, की लिहिण्यासारखं आता —

राजीनामा दिला. विश्वजीत म्हणतो, सोळाची बोट करून द्या, मग मोकळ्या. फ्रिजवरचा उत्कर्षाचा फोटो काढून कपाटात ठेवला. तिला फोन करून सांगितलं, संक्रांतीला येऊ नकोस, वीसनंतर ये. का, म्हणाली. घरात पाहुणे असतात, म्हटलं. ती म्हणाली, "बरं. नको तर नको."

मी असं बोलायला नको होतं.

१६ जानेवारी

बस आत्ता गेली. आहे तोवर लिहिते.

पाहुणे जेवायला बसले आणि आतून पाण्याचा ट्रे घेऊन उत्कर्षा आली. नऊवारी नेसलेली. विश्वजीतने परस्पर फोन करून बोलावलं होतं. फोटोतली मुलगी कुठे, असं मागच्या पाहुण्यांनी विचारलं होतं म्हणे. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "सरप्राइज."

मी तिला आत जा म्हटलं. ती हसली, मला वाटलं लाजली. एका बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, तिच्या बांगड्यांवरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं. ही तुम्हाला हवी होती का?

नेमकं हेच. दुसरं काही नाही.

मी भाकरी वाढायला घेतली. पाहुण्यांनी चमचे खाली ठेवले. तेही मी सोसलं असतं. पण उत्कर्षा बघत होती. आठ वर्षांची असताना जशी बघत होती तशीच. मी जेवून घे म्हटलं असतं तर ती उठून गेली असती, आणि मग परत कधी —

सांगितलं. भिंत, दोन दिवस, शिंक, सगळं. इंग्रजीत सुरुवात केली आणि मराठीत कधी आले कळलं नाही. उत्कर्षा तोंडावर हात धरून रडत होती, हसत होती. पाहुण्यांनी डोळे मिटले होते.

ओटी भरताना त्या बाईंना म्हटलं, चार दाणे द्या. पाया पडते. त्यांनी पिशवी छातीशी धरली. चार-पाच दाणे फरशीवर सांडले होते, मी वाकले. त्या माझ्याआधी वाकल्या. एकेक करून सगळे वेचून नेले.

१७ जानेवारी

बोट पाचला सुटते.

सकाळी उत्कर्षाला वही वाचायला दिली. म्हणाली, आई, तू थकली आहेस. मग म्हणाली, बंदरावर जाऊ. जाऊन कोणाच्या पिशवीत हात घालायचा? विश्वजीत फोन उचलत नाही. मग ती म्हणाली, "जाऊ दे गं. मला उत्तर मिळालं ना." आणि मला जवळ घेतलं. मीच तिला घ्यायला हवं होतं.

साडेचार. झोपाळ्यावर बसलो आहोत. माझा डावा हात तिने धरला आहे, उजव्याने लिहिते. उजव्या कानामागे तीळ. गरम दुधाचा वास सहन होत नाही. रागावली की नाकाचा शेंडा —

चार पन्नास. शिंक. शिंकेने दचकली. शिंकेने —

ती म्हणते, बघ माझ्याकडे, लिहू नकोस. न लिहून कसं —

उत्कर्षा. उत्कर्षा. उत्कर्षा. उत्क

हात कोणीतरी फार घट्ट धरला आहे. दुखतो.

१९ जानेवारी

विश्वजीतचा फोन. पाहुणे फार खूश. राजीनाम्याचं काय, विचारलं. कसला, म्हटलं. पुढची बोट २४ ला.

घरात एक मुलगी आहे. नऊवारी घडी करून ठेवली, आता साध्या कपड्यांत असते. रडते, मग उठून वाढते. सभ्य आहे. वहीत तिच्याबद्दल मीच लिहिलं आहे असं दाखवते. वाचलं. अक्षर माझंच. चांगलं लिहिलं आहे.

आज तिने माझ्याकडून ओटी भरून घेतली. चार दाणे ताटात परत टाकले आणि बघत राहिली. क्षणभर माझ्या ओठांवर काहीतरी आलं — उ — मग गेलं. मी म्हटलं, या, बसा. पाणी घ्या. ती फरशीवरच बसली.

तिच्या घरी वाट बघत असतील. इतक्या लहान मुलीला असं परक्याच्या घरी —

उद्या एकच काम : पत्ता विचारून मुलीला तिच्या आईकडे पोचवणे —