मी येतो ना सोडायला

सोमवार, ४ जून
आजपासून रोजनिशी. माणूस मोठे निर्णय घेतो तेव्हा ते कुठेतरी नोंदलेले असावेत. निर्णय असा की संसाराला नवी उभारी द्यायची.

त्याचं असं झालं. काल मॅच चालू असताना ही येऊन शेजारी बसली. म्हणाली, महत्त्वाचं बोलायचंय. म्हटलं, बोल. मी बायकोचं बोलणं कधी अडवत नाही, तसले नवरे वेगळे. ती बराच वेळ बोलली. इकडे शेवटच्या दोन ओव्हर. समुद्राकाठच्या त्या गावाचं नाव दोन-तीनदा आलं, अठरा तारीख आली, खोली आली. मी मधूनमधून "हं" म्हणत होतो. शेवटी तिने विचारलं, खरंच चालेल ना तुम्हाला? मी म्हटलं, अगं हो, मी येतो ना सोडायला. असं का म्हणालो देव जाणे. नुकताच एकाने सोपा कॅच सोडला होता, तोच शब्द तोंडात असणार.

ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळ्यांत पाणी. मग उठून आत गेली.

अर्थ उघड आहे. हिला समुद्रावर जायचंय. अठरापासून तिथे खोल्या महाग होत असतील, म्हणून त्याआधीचा शनिवार-रविवार. दोघंच जाणार. ताजे मासे खाणार. लग्न ठरलं तेव्हा मी तिला शब्दच दिला होता की समुद्रावर नेऊन बोटीवरून उतरलेला मासा खायला घालीन. बावीस वर्षं राहून गेलं. तसा मी कोल्ड स्टोरेजमध्ये डिस्पॅच सुपरवायझर असल्यामुळे घरात मासा कधी कमी पडला नाही. खोकं फाटलं की माल घरी. पण तो बर्फातला. शब्द तो शब्द.

तोवर रोज जिना चढून पोट कमी करणार. तिचं दिवसातून एक तरी कौतुक करणार. सहलीत मोबाइल बंद.

मंगळवार, ५ जून
जिना चढलो. पहिल्या मजल्यावर लिफ्ट रिकामी उभी होती. रिकामी लिफ्ट वर पाठवणं म्हणजे विजेची नासाडी.

कौतुक केलं. लग्नापासून ही मला अरे-तुरे करायची. गेलं वर्षभर मात्र "तुम्ही" म्हणते. वय वाढलं की बायकोलाही माणसाची किंमत कळते, असं तिला मोकळेपणाने बोलून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली. नंतर भांडी जरा जोरात आदळत होती. नवीन डबे असतील.

शुक्रवार, ८ जून
खोलीसुद्धा हिनेच बघून ठेवलीये. कुणाच्या तरी घराचा वरचा मजला, ओटा आणि गॅससकट. म्हटलं, ओटा कशाला, आपण बाहेर मासे खाणार ना? तर म्हणाली, रोज रोज बाहेरचं खाऊन कसं चालेल. दोन दिवसांत कसलं आलंय रोज रोज? पण वाद घातला नाही. उत्साहाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

संध्याकाळी होस्टेलवरून मुलीचा फोन. रडत होती. म्हणाली, बाबा, आईला सोडायला तुम्ही स्वतः जाताय, तुम्ही एवढे समजूतदार असाल असं मला वाटलंच नव्हतं. म्हटलं, अगं, आपल्या माणसासाठी एवढं करायलाच हवं. त्यावर आणखी रडली. पोरगी हळवी आहे. आईवर गेलीये.

मंगळवार, १२ जून
माशांचा अभ्यास पूर्ण. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर, बोटाने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं. बावीस वर्षं मासे पाठवतोय पण दगडासारखे. दाबायची वेळ आली नाही.

साहेबांकडे शनिवारची रजा मागितली. कारण विचारलं तर सांगितलं, समुद्रावर ताजे मासे खायला चाललोय. साहेब म्हणाले, या दिवसांत? आणि हसले. दुसऱ्याचं बरं चाललेलं लोकांना बघवत नाही.

जिना: गुडघा.

शुक्रवार, १५ जून
ही सामान भरतेय. दोन दिवसांसाठी अख्खं बिऱ्हाड. दोन मोठ्या बॅगा, कुकर, किटली, चादरी, पडद्यांचं माप घ्यायची टेप, लॅबमधला पांढरा कोट. (ही दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तोंडात बसवली की माणसाला हसू येईल अशी कवळी बनवते, असं तिचे डॉक्टर म्हणतात.) कवळ्या कोरायच्या बारीक हत्यारांची पेटीसुद्धा घेतली. आता ही कशाला, म्हणून विचारणार होतो, तेवढ्यात माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. खेकडा! नांगीतलं मांस काढायला याहून चांगलं हत्यार नाही. बाईचं डोकं चालतं. तसं तिला म्हटलंसुद्धा. हत्यारांचा खेकड्यासाठी उपयोग ऐकून ती हसली. खो खो हसली. किती दिवसांनी! सहल सुरू व्हायच्या आधीच गुण येतोय.

माझी एक पिशवी. वर जागा उरली.

शनिवार, १६ जून, दुपार
पोचलो. गाडी मीच चालवली. वाटेत ही गप्प होती, मी बोलत होतो. एकंदर छान गप्पा झाल्या.

व्यवस्था यथातथा. बोर्ड नाही, रिसेप्शन नाही, पलंग एकच. मालकीणबाई खाली राहतात. त्यांना म्हटलं, दोन टॉवेल पाठवा, एक उशी जास्त, आणि दोन चहा, त्यातला एक कमी साखरेचा. तर म्हणाल्या, मी काय हॉटेल काढलंय? अशाने धंदा होत नाही. परत गेल्यावर यांना एक स्टार.

हिच्याशी मात्र गोड. पाणी किती वाजता येतं, कचरा कुठे टाकायचा, विजेचं मीटर कोणतं, भिंतीला खिळे ठोकलेले चालतील की नाही, सगळं सांगितलं. हीसुद्धा मन लावून ऐकत होती. एका रात्रीसाठी खिळे कशाला ठोकेल कुणी? मग मालकीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही कधी निघणार? म्हटलं, आम्ही उद्या चारला. त्यांनी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून समुद्राकडे बघितलं. छान आहे.

शनिवार, संध्याकाळ
धक्क्यावर गेलो. हातात पिशवी, पाकिटात सुटे पैसे. बोटी सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, वर निळं प्लास्टिक. पावसाची उघडीप बघून एकजण आपल्या बोटीला रंग देत होता. त्याला विचारलं, आजचा माल कुठे मिळेल? म्हणाला, माशांच्या विणीचे दिवस आहेत, मासेमारी बंद. दीड महिन्याने या. मी त्याला स्पष्टच सुनावलं की असा बोर्ड हमरस्त्यावर लावायला हवा. तो म्हणाला, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि रंग देत राहिला.

ही म्हणाली, तिने गेल्या आठवड्यात मला सांगितलं होतं. मी "हं" म्हणालो होतो म्हणे. शक्य आहे.

मग तिला इथल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. म्हटलं, दुखतोय का? तर म्हणाली, नाही, नुसतं भेटून येते. सुट्टीतसुद्धा दात! मी अडवलं नाही. बाकावर बसून राहिलो. समुद्राला पाणी भरपूर आहे.

शनिवार, जेवणानंतर
खेकडा नव्हता. पण हॉटेलवाला म्हणाला, सुरमई आहे, एकदम ताजी. बघा! शोधणाऱ्याला मिळतं. तळून आली. नियमाप्रमाणे बोटाने दाबून बघितली. पोळलं. मग पहिला घास घेऊन मी आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणालो की फरक लगेच कळतो, हा मासा सकाळी पाण्यात पोहत होता. ही म्हणाली, आपल्या घरच्यासारखाच लागतोय. तिला म्हटलं, तुझी जीभ बर्फाने मेलीये.

हात धुवायला मागच्या बाजूला गेलो. भिंतीला लागून निळी खोकी. वर टेप आधी आडवी, मग उभी, परत आडवी. अशी टेप जगात एकच माणूस लावतो. ती पद्धत मी काढलेली आहे, कारण दोनदा लावलेली वाटेत सुटते. ही खोकी मी गेल्या सोमवारी ट्रकमध्ये चढवली होती.

हात बराच वेळ धुतले. बाहेर येऊन हिला काही सांगितलं नाही. एवढ्या लांब आणून बाईला शेवटी माझ्याच हातचं खायला घातलं. वाईट वाटलं. खूपच वाटलं.

असो. भाजी बरी होती.

रविवार, १७ जून, सकाळ
कालचं मागे टाकलं. नवा दिवस.

वाळूवर फिरलो. ही आज वेगळीच. बाजाराची गल्ली दाखवली, वाचनालय दाखवलं, कालच्या डॉक्टरांची पाटी दाखवली. वारा सुटला होता, केस तोंडावर येत होते, तरी बोलत होती. मी आजचं कौतुक केलं: ओढणी छान आहे. म्हणाली, मुलीने दिली, मागच्या वाढदिवसाला, तुझ्यासमोरच. तुझ्यासमोर! तुमच्यासमोर नाही!

लगेच धीर करून म्हटलं, आपण इथे पुन्हा यायचं. तर म्हणाली, ये ना. वाटेल तेव्हा ये. खरं सांगू, तू इतक्या मोठ्या मनाने घेशील असं वाटलं नव्हतं. आणि माझ्या दंडाला हात लावला. ओळीने दोनदा "तू".

काम फत्ते. संसाराची गाडी रुळावर. मासा मिळाला नाही, नाही तर नाही. उगाच लोक समुपदेशकाकडे पैसे घालवतात.

रविवार, संध्याकाळ
रस्त्यातल्या एका चहाच्या दुकानात बसून लिहितोय. गाडीतून मी एकटाच आलोय.

चारला गाडी दाराशी लावली, हॉर्न वाजवला. ही खाली आली ती घरातल्या स्लिपर घालून, हात रिकामे. म्हटलं, बॅगा कुठे आहेत? म्हणाली, वर, लावल्या कपाटात. म्हटलं, मग काढ, रात्रीच्या आत पोचू. ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. माझं तोंड बघितलं तशी हसायची थांबली आणि पायरीवर बसली.

हळूहळू म्हणाली, उद्यापासून इथल्या डॉक्टरांच्या लॅबमध्ये लागतेय ना मी. अठरा तारीख. आता वेगळं राहू या, मला थोडा श्वास घेऊ दे, असं सांगितलं होतं ना तुला. तू "हं" म्हणालास. विश्वास बसेना म्हणून परत विचारलं, तर तू म्हणालास, मी येतो ना सोडायला. त्या दिवशी मला वाटलं की बावीस वर्षांत पहिल्यांदा तू माझं पूर्ण ऐकलंस. मुलीला सांगितलं, आईला सांगितलं, की बघा, वाटतो तसा नाहीये तो.

तोंडाशी आलं होतं की अगं, मी काहीच ऐकलं नव्हतं, मॅच चालू होती. पण मग तिला काय उरलं असतं? आणि मलाही. ऐकणारा माणूस असं एवढं एकच सर्टिफिकेट मिळालं होतं, तेही न ऐकता. म्हणून म्हटलं, हो हो, माहीत आहे की. गंमत केली.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, नीट जा. पोचलास की कळव.

मालकीणबाई बाहेर आल्या. हातात चहाचा कप. कमी साखरेचा. मी उभ्याउभ्याच प्यायलो. त्यांना एक स्टार द्यायचं रद्द.

सोमवार, १८ जून
काल रात्री पोचलो तर लिफ्ट बंद होती. जिना चढलो. चारही मजले.

स्टोरेजमध्ये सकाळीच त्या हॉटेलवाल्याची ऑर्डर. सुरमई. खोकी मी स्वतः बांधली. आडवी, उभी, आडवी. एका खोक्याला चौथ्यांदा लावली. काही कारण नाही. साहेबांनी विचारलं, काय, मिळाले का ताजे मासे? म्हटलं, उत्तम होते. साहेब आज हसले नाहीत.

घरी आलो. ओट्यावर कुकरची जागा मोकळी आहे. पुढचा बेत ठरवला: दीड महिन्याने बोटी सुटतील तेव्हा परत जायचं, खरा ताजा मासा, आणि तेव्हा तिला नीट सांगायचं की परत चल. खेकडासुद्धा.

आठ वाजता तिचा फोन आला. मी आधी टीव्ही बंद केला. पंखासुद्धा बंद केला. ती म्हणाली, पहिला दिवस चांगला गेला, एका आजीबाईंची कवळी बसवली, त्या आरशात बघून हसल्या. सगळं ऐकलं. एक शब्द सुटू दिला नाही. मग ती थांबली आणि म्हणाली, एक विचारू? खरं सांग. त्या दिवशी तू काहीच ऐकलं नव्हतंस ना?

खूप काही बोलायचं होतं. तयारही होतं. तोंड उघडलं तर "हं" एवढंच आलं.

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, बरं, ठेवते. तुम्ही जेवून घ्या.