क्राकूव्हच्या चौकात समर्थ हरवला तेव्हा

आत्याबाई,

वर 'प्रिय' लिहू का, याचा बराच विचार केला. बारा वर्षं मी तुमची सून होते, पण तसं कधी म्हटलं नाही. आता लिहिलं तर तुम्हालाच ते उसनं वाटेल. म्हणून नुसतं आत्याबाई.

पत्राला कारण आहे. येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. त्याची तयारी ठरवायला परवा आम्ही हिंगोलीहून गावी, गोरेगावला गेलो होतो. शेतात हळदीची काढणी चालू आहे, त्यामुळे भावजी उशिरा घरी आले. किती पानं बसतील, स्वयंपाकाला कोणाला सांगायचं, हे ठरलं आणि चहा घेताना विषय निघालाच: पोलंडात आजीनं नातू हरवला, ती गोष्ट. यांनी सांगितली. तुमचा गजू आता ती फार रंगवून सांगतो. सगळे हसले. समर्थही हसला. मी कपबशा गोळा करून आत गेले.

ती गोष्ट खरी नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. तिसऱ्या कोणाला नाही, असं मी धरून चालले होते.

तुम्ही मुळात यायला तयार नव्हता. यांना कंपनीनं दोन वर्षांसाठी क्राकूव्हला पाठवलं होतं. माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा आम्ही तीन आठवडे तिकडं जायचं ठरवलं. खरं सांगू? तुम्ही येऊ नये असंच मलाही वाटत होतं. आठ वर्षांची ईश्वरी, चार वर्षांचा समर्थ, त्यात तुम्ही. पण आईला एकदा विमानात बसवायचंच, असा यांचा हट्ट होता.

तिकडचे लोक उकाड्यानं हैराण झाले होते. तुम्ही म्हणालात, हे ऊन म्हणजे आपल्याकडची होळीच्या आधीची सकाळ. लुगड्याखाली पांढरे बूट घालून तुम्ही सगळीकडं आमच्या पुढं चालायचात. जुन्या शहरातल्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर समर्थच्या ढकलगाडीची चाकं अडकायची. तुम्ही विचारलंत, "एवढं जुनं गाव म्हनता, अन् अजून डांबर न्हाई टाकलं?" हे पोट धरून हसले. मला मात्र आजूबाजूला मराठी समजणारं कोणी नाही याचं बरं वाटलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी नदीकाठी एक धातूचा अजस्र ड्रॅगन उभा आहे, त्याच्या तोंडातून खरी आग येते. ती बघून समर्थनं चड्डी ओली केली. तुम्ही तिथंच बाटलीतल्या पाण्यानं ती धुतलीत, पिळलीत आणि ढकलगाडीच्या दांड्यावर वाळत घातलीत. लोक बघत होते. मी ईश्वरीचा हात धरून दहा पावलं पुढं निघून गेले, आपण एकत्र नाही असं वाटावं म्हणून. ते तुमच्या लक्षात आलं होतं का?

शहराच्या मोठ्या चौकात एका चर्चच्या बुरुजावरून दर तासाला एक माणूस तुतारी वाजवतो आणि मधेच एकदम थांबतो. फार पूर्वी शत्रू आला म्हणून इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण लागला आणि सूर तिथंच तुटला, अशी तिकडची गोष्ट. यांनी ती सांगितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्याचं राहिलं ते राहिलं. ह्याला तरी पुरं वाजवू द्या की." अजूनही हे वाक्य मला मधेच आठवतं.

पाचव्या दिवशी त्याच चौकात ते घडलं.

हे तिकिटं काढायला रांगेत गेले होते. जाताना मला सांगून गेले होते की गर्दी आहे, समर्थला सोडू नकोस. तुम्ही फुलवाल्यांच्या छत्र्यांशेजारी बाकावर ईश्वरीला घेऊन बसला होतात. तुतारी सुरू झाली. मला त्याचं चित्रीकरण हवं होतं, शाळेत दाखवायला. दोन्ही हातांनी फोन धरला. तुतारी तुटली, मी फोन खाली घेतला, तर शेजारी समर्थ नव्हता.

मी तुमच्याकडं धावत आले. तुम्ही आरडाओरडा केला नाही. तो मघापासून कोणत्या बाजूला बघत होता, एवढंच विचारलंत. मला सांगता आलं नाही. आई असून सांगता आलं नाही. तुम्ही ईश्वरीचा हात माझ्या हातात दिलात आणि त्या गर्दीत शिरलात. तिथली भाषा तर सोडाच, इंग्रजीचा एक शब्द तुम्हाला येत नव्हता.

तेवढ्यात हे तिकिटं घेऊन आले. समर्थ कुठंय, म्हणून विचारलं.

मी म्हणाले, "आत्याबाईंजवळ होता."

मी ते ठरवून बोलले नाही. पण चुकून बोलले, असंही म्हणता येणार नाही. यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून तेच निघालं.

हे त्याच्या नावानं हाका मारत पळाले. थोड्या वेळानं तुम्ही घोडागाड्यांच्या बाजूनं आलात. समर्थ तुमच्या कमरेवर, तोंड आणि सदरा ओला. डोक्यावर तुरे खोवलेले पांढरे घोडे बघून तो तिकडं गेला होता आणि घोड्याच्या बादलीत हात घालून उभा होता. पोळ्याला बैल सजले की हे पोरगं दावणीवरून हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्ही सरळ तिकडंच गेलात. हे मला फार नंतर सुचलं.

यांनी समर्थला ओढून घेतलं आणि भर चौकात तुम्हाला बोलले. "आई, एवढ्या दूर आणलं तुला. एक लेकरू सांभाळता येईना का?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एकदाच.

"चुकलं रे बाबा," तुम्ही म्हणालात. "ध्यान न्हाई राहिलं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. संध्याकाळी बोलू म्हटलं, मग परत गेल्यावर बोलू म्हटलं. परत आल्यावर यांनी मला फोनवर सांगितलं की आता समर्थला आईबरोबर एकटं कुठं पाठवायचं नाही. मी बरं म्हणाले. तोवर गोरेगावच्या बाजारात तो तुमचं बोट धरून जायचा. पुढच्या सुट्टीत तुम्ही पिशवी घेऊन निघालात, तो चप्पल घालायला लागला आणि मी त्याला आत बोलावलं. तुम्ही पिशवी घेऊन एकट्याच गेलात. चौकातल्या त्या वाक्यापेक्षा मला हा दिवस जास्त आठवतो. पुढं तुम्ही होतात तोवर असंच चाललं.

पण तुम्ही तरी काहून गप्प राहिलात? घरात आपण दोघीच असताना कितीदा भाकरी केल्या. एकदा मला सुनावलं असतंत तर मी पाया पडून मोकळी झाले असते. की मला मोकळं करायचंच नव्हतं? वर्षभर मी असंच समजत होते, हे कबूल करते.

परवा गोरेगावहून आल्यावर ईश्वरी माझ्याबरोबर भाजी निवडत होती. आता अकरावं चालू आहे तिला. मी सहज बोलावं तसं म्हटलं, समर्थ हरवला ना, तो आजीकडून नव्हता हरवला.

ती मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे मला. तू पप्पांना सांगितलंस तेव्हा मी तुझाच हात धरून उभी होते."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, मी विचारलं. तर तिनं तुमचंच बोलणं तुमच्या बोलीत सांगितलं. त्याच दिवशी तिथल्या घराच्या जिन्यात बसून तुम्ही तिला म्हणाला होतात, "कुनाला सांगू नको बाई. गजू माझं पोरगं हाय, मला बोलंल अन् इसरून जाईल. तुझ्या मायला बोलला तर लई दिस धरून बसंल. अन् तिला इथं हाय कोन?"

आत्याबाई, हे तुम्ही मला सांगायला हवं होतंत.

तुमचा अंदाज निम्मा चुकला. गजू विसरला नाही. त्यानं त्याची गंमत केली आणि ती तुमच्या माघारीही चालू आहे. पण आता चालणार नाही. रविवारी पानं उठली की सगळे ओसरीवर बसतील, भावजी, जाऊबाई, लेकी, जावई. तेव्हा समर्थला जवळ बसवून मी ही गोष्ट सांगणार आहे, फोन दोन्ही हातांनी धरला तिथपासून. यांनी लई दिस धरलं तर धरू देत. त्यानंतर या घरात कोणी म्हणणार नाही की आजीनं नातू हरवला. म्हणतील, आजीनं शोधून आणला.

तुमची सून,
मनीषा