एकोणसत्तर चिंचोके आणि एक अंगठा

राजेश, हा कागद कपाटात हिंगाच्या डब्याखाली आहे असं तुला तीन वेळा सांगितलं होतं. आज तो तुझ्या हातात असेल, तर तुझ्या लेकीने, अक्षदानेच शोधून दिला असणार. आता बस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच.

मी, सुभद्रा दत्ताराम मेस्त्री, वय अठ्ठ्याहत्तर किंवा त्याच्या आसपास, राहणार लालबाग, मुंबई, धंदा इलेक्ट्रिक गिटारी व त्यांचे सुटे भाग बनवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे. दडपण आणायची या घरात कोणाची छाती नाही. मला अक्षरओळख नाही, म्हणून शेजारची अनुजा वकील लिहून घेते आहे. ती परत वाचून दाखवते आणि मी चुका काढते.

कलम १. राहती खोली मुलगा राजेश व सून रश्मी यांना समसमान. कागदावर रश्मीचं नाव आधी लावावं. गॅस बंद केला की नाही हे त्या घरात तिलाच आठवतं.

कलम २. गाळ्यातलं लेथ मशीन, ड्रिल आणि यजमानांची सगळी हत्यारं राजेशला. गिटारच्या खुंट्या आणि घोडी त्याच्यासारखी पितळेत कोणी घडवत नाही. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून आता कागदावर म्हणते. यजमानांच्या पटाशीने रंगाचे डबे मात्र उघडू नयेत.

कलम ३. धंद्याची सुरुवात नातू सुशांत गिऱ्हाइकांना दर वेळी वेगळी सांगतो, म्हणून खरी इथे नोंदवते. मी मिलमध्ये वाइंडिंग खात्यात बॉबिनवर सूत गुंडाळायचे, यजमान तिथेच सुतार. संपानंतर मिल गेली आणि यजमान बाजाच्या पेट्या दुरुस्त करू लागले. एका गणपतीत गल्लीतल्या बेंजो पार्टीचा बेंजो विसर्जनाच्या आदल्या दिवशी मुका झाला. यजमानांनी खोलला, तर तारांखाली चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, जळलेली.

"हे आपल्याच्याने नाही होणार," यजमान म्हणाले.

"अहो, बॉबिन आहे ही. सरका बाजूला."

विसर्जनाला पोरं चौपाटीपर्यंत नाचत गेली. त्या गुंडाळीला गिटारवाले पिकअप म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

कलम ४. मला शंभराच्या पुढे मोजता येत नाही. शंभर वेढे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. ऐंशी चिंचोके संपले की पिकअप झाला. अक्षदा चार वर्षांची असताना तिने खेळायला अकरा चिंचोके पळवले. मला पत्ता नाही. वाटी रिकामी झाली, मी थांबले, गिटार गेली. आठवड्याने गिऱ्हाईक परत दारात. मी पदर खोचून भांडायला तयार, तर तो म्हणतो, "आजी, इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. असेच अजून दोन द्या." चिंचोके मोजून बघितले तेव्हा कळलं. तेव्हापासून आपण एकोणसत्तरच घालतो. सबब दोन्ही वाट्या व एकोणसत्तर चिंचोके नात अक्षदा हिला. उरलेले अकरा तिच्या जुन्या कंपासपेटीत आहेत. मला माहीत नाही असं तिला वाटतं.

कलम ५. मिलमध्ये पगाराच्या दिवशी मी अंगठा उठवायचे तेव्हा कारकून हसायचा. तोच अंगठा मी प्रत्येक पिकअपच्या तळाला लावते, आणि पार जर्मनीतली मुलं पिकअप उलटा करून आधी तो बघतात. गेल्या दिवाळीत सुशांतच्या खिशात मला माझ्या अंगठ्याचा रबरी शिक्का सापडला.

"आजी, ब्रँड आहे तो. तू नसलीस तरी चालू राहील."

"मेल्या, मी गेल्यावर माझा अंगठा एकटा गावभर फिरवणार?"

"लोक तुझ्या नावाने घेतात गं. अक्षदाला कोण ओळखतं?"

अक्षदा तिथेच तार लावत बसली होती. तिने पुढचा चिंचोका त्या वाटीत टाकला.

सुशांतला मी चार दिवस बोलले. पाचव्या दिवशी माझं मलाच कळलं. डोळे अधू झाल्यापासून, दोन वर्षं, निम्म्याहून जास्त पिकअप अक्षदाने गुंडाळले आणि अंगठा मी लावला. शिक्का मीच होते.

म्हणून हे वाचून होताच सुशांतने तो शिक्का स्वतःच्या हाताने कापावा. त्यासाठी यजमानांची पटाशी वापरायला परवानगी आहे. दोन वर्षांतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना त्याने खरा हात कोणाचा ते कळवावं. यापुढे अंगठा अक्षदाचा. तिला झोकदार इंग्रजी सही येते, तरी अंगठाच. धंदा दोघा भावंडांचा समसमान. गुंडाळण्यात शब्द तिचा, विकण्यात त्याचा. तो चांगलं विकतो. मला जिवंतपणी विकलं.

अनुजा म्हणते, "आजी, हे सगळं कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, तू लिही, बसेल दाटीवाटीने.

कलम ६. कमलाबाई, हल्ली मुलीकडे अँटॉप हिलला, हिने मिलमध्ये मला गुंडाळायला शिकवलं आणि मग मुकादमासमोर माझी गुंडाळी ढिली म्हणाली. मी ते विसरलेले नाही. पण नखाने दाबून ढिलं-घट्ट ओळखणारी तिच्यासारखी दुसरी नाही. अक्षदाच्या अंगठ्याचा पहिला पिकअप गिऱ्हाइकाआधी तिला दाखवावा.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. माझंच आहे.

सुभद्रा दत्ताराम मेस्त्री, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. कुशाबा तळेकर, शेजारी. २. डॉ. दीपिका कांबळे
लालबाग, मुंबई. १८ फेब्रुवारी २०२५

अंगठ्याखाली लिहिलेलं कायदा मानत नाही, असं अनुजा सांगते. कायदा नको, रश्मी मानेल. रश्मी, पिकअपसोबत कमलाबाईला डबा पाठव: आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी वेगळ्या बाटलीत. उसळीत मीठ मुद्दाम कमी घाल. एक तरी खोट काढल्याशिवाय तिला जेवण पचत नाही. तिला ती उसळीत काढू दे, अक्षदाच्या हातात नको.