स्कूटरला स्वेटर

३ जानेवारी, सकाळ

दूध आणायला खाली उतरलो तर माझी स्कूटर मलाच ओळखू येईना. कुणीतरी तिला स्वेटर घातलाय. अतिशयोक्ती करत नाही. हँडलला नारिंगी लोकर, सीटला जांभळी, चाकांना पट्टे, आरशाला चक्क कानटोपी. शेजारच्या विजेच्या खांबाला मोजा. गुलमोहराला मफलर.

दुसऱ्या मजल्यावरची शिल्पाश्री फोटो काढत उभी होती. म्हणाली, अंकल, याला यार्न बॉम्बिंग म्हणतात, जगभर करतात. बॉम्बिंग! स्वतःच्या तोंडाने कबुली. मी म्हणालो, ही माझी स्कूटर आहे. तर म्हणते, अय्यो सॉरी, आम्हाला वाटलं बेवारस आहे.

बेवारस! स्कूटर फुटपाथवर आहे हे मान्य. पण तात्पुरती. कार्बोरेटर साफ करायचा, एवढंच. आमची लेक वेदिका नववीत होती तेव्हापासून एवढंच राहिलंय. वेदिका आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला नोकरी करते, तो भाग वेगळा.

ठरलं. उद्या पहाटे सगळं ओरबाडून काढणार.

४ जानेवारी

काढलं नाही. पुराव्याला हात लावत नाहीत.

पोलीस स्टेशनला गेलो. कॉन्स्टेबलने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, चोरीला काय गेलं? मी म्हणालो, गेलं काही नाही, उलट आलंय. त्याने पेन खाली ठेवलं. गाडी चालू आहे का? मी म्हणालो, अर्थात. मग इन्शुरन्स दाखवा, पोल्यूशनचा कागद दाखवा. विषय कुठून कुठे नेतात हे लोक! कागद दाखवायला माझा तात्त्विक विरोध आहे. निघून आलो.

कल्पनाला सगळं सांगितलं. तिने विचारलं, चहा ठेवू का? नवऱ्याच्या इभ्रतीवर हल्ला झालाय आणि हिला चहा सुचतो. प्यालो.

६ जानेवारी

असोसिएशनचा अध्यक्ष हयवदन. त्याच्याकडे लेखी तक्रार दिली. खाली जाऊन, स्कूटरभोवती फिरून आला आणि कन्नडमध्ये म्हणाला, तुंबा चेन्नागिदे, सर! फार सुंदर! आपली गल्ली फेमस होणार. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं चालवून घ्या.

आयुष्यभर अ‍ॅडजस्टच केलं. सरकारी कारखान्यात टर्बाइनची बेअरिंग्ज केली, मिलिमीटरचा हजारावा भाग इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि रिटायर झाल्यावर माझ्या गाडीला कानटोपी.

नवा प्लॅन. चालत्या गाडीला कुणी बेवारस म्हणू शकत नाही. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर स्कूटर चालू करून दाखवणार. ग्रुपवर तसं जाहीर केलं. हयवदनने टाळ्यांचं चित्र टाकलं. उपरोध कळतो मला.

९ जानेवारी

इथल्या शिवाजीनगरच्या मेकॅनिकला फोन केला. त्याने स्कूटरचं मॉडेल दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, येतो सर. आला नाही. बरंच झालं. स्वतः करणार.

११ जानेवारी, रविवार

सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही.

किक मारली. किकवरही लोकर होती. चप्पल जाळीत अडकली, मी एका पायावर, स्कूटर माझ्या अंगावर, आणि समोर अख्खी बिल्डिंग. शिल्पाश्रीने क्रोशाच्या सुईने माझा पाय सोडवला. वर विचारते, अंकल, पेट्रोल आहे ना?

पेट्रोल नव्हतं. पण मुद्दा तो नव्हता!

रागाच्या भरात विचारलं, सीटवरचं हे जांभळं भयंकर प्रकरण कुणी केलंय? म्हणाली, कल्पना आंटींनी. स्कूटर पण त्यांनीच सुचवली.

घरी येऊन जाब विचारला. कल्पना भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, किती वर्षं थंडीवाऱ्यात उभी आहे बिचारी, म्हटलं निदान उबेत राहील.

आजपासून अबोला. क्षमा मागेपर्यंत एक शब्द नाही.

१३ जानेवारी

अबोला चालू. तिच्या अजून लक्षात आलेला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणाली. ‘घेतला’ म्हणालो. हा शब्द धरायचा नाही.

दुपारी कात्री घेऊन खाली उतरलो. आता तडजोड नाही. कात्री उचलली आणि तेवढ्यात एका कन्नड पेपरची रिपोर्टर फोटोग्राफरसकट हजर. तिने विचारलं, सर, आर्टिस्ट तुम्हीच का? हातात कात्री बघून गैरसमज झाला असावा. मी तिला स्पष्ट सांगायला सुरुवात केली, की ही स्कूटर माझी, आणि हा सगळा प्रकार... तिने मध्येच विचारलं, फार वेगळी कल्पना आहे, कशी सुचली?

इतक्या वर्षांत मला कुणी, कसं सुचलं, असं विचारलं नव्हतं. कारखान्यातसुद्धा नाही.

थोडं बोललो. तांत्रिक बाजू सांगितली. वक्र पृष्ठभागावर ताण कसा वाटला जातो वगैरे.

१६ जानेवारी

पेपरात फोटो. स्कूटर आणि मी. शिल्पाश्रीने मथळा वाचून दाखवला: निवृत्त इंजिनियरची लोकरीची किमया. आवाजात काही नव्हतं. पेपर माझ्या हातात दिला आणि गेली.

चूक रिपोर्टरची आहे. मी फक्त नाही म्हणालो नाही. पेपरच्या जादा प्रती आणल्या, पुरावा म्हणून.

कल्पना पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. म्हणाली, आम्ही बायका दिवाळीपासून रोज दुपारी पार्कात बसून विणतोय. रोज दुपारी ही जाते कुठे, असं तुम्ही एकदा तरी विचारलंत? आणि पेपरवाल्यांना सांगता तुमची किमया?

मला वाटायचं, दुपारी झोपते. हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

संध्याकाळी बॅग भरून वेदिकाकडे गेली. ज्याच्यावर अन्याय झाला तो घरात एकटा, आणि जिने केला ती लेकीकडे! न्याय म्हणून काही उरलेला नाही.

१७ जानेवारी

वेदिकाचा फोन. आई बरी आहे म्हणाली. मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का? वेदिका म्हणाली, बाबा, ती बाल्कनीत बसून विणतेय, जेवायला पण उठवावं लागतं. म्हणजे मनातून खचलीय. माझी वाट बघतेय.

निर्णय पक्का. उद्या स्कूटर चालू करून थेट बेळ्ळंदूरला जाणार. आउटर रिंग रोडवरून. मागे बसवून आणणार. लोकर काढत बसत नाही, तिला बरं वाटेल. पेट्रोल आणलं. कार्बोरेटर साफ केला. बहुधा कार्बोरेटरच होता.

१८ जानेवारी, रविवार, दुपार

किकने चालू होईना. म्हणून उतारावर ढकलून सेकंड गिअर टाकायचं ठरवलं. उतार चांगला आहे. फार चांगला आहे. इंजिन चालू झालं नाही पण स्कूटर चालू झाली. ब्रेक दाबला. काही नाही. समोर फुलवालीची हातगाडी. मी ओरडलो, ती ओरडली, आणि तेवढ्यात हँडलची नारिंगी लोकर सुटून पुढच्या चाकात गुंडाळली गेली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी शेवंतीत.

लागलं नाही फारसं. ब्रेक शेवटी लागले म्हणायचे.

फुलवाली तोंडाला येईल ते बोलली. हयवदनने गर्दी बाजूला केली, मला बाकावर बसवून पाणी दिलं. मग हळूच म्हणाला, सर, पालिकेची गाडी उद्या याच वॉर्डात येतेय, पडीक वाहनं न्यायला. सांगू का त्यांना? मला खूप काही बोलायचं होतं. शेवंतीच्या पाकळ्या तोंडात गेल्या होत्या. मान हलली. होकारार्थी हलली असा त्याचा समज झाला. मी तो दुरुस्त केला नाही.

१९ जानेवारी

ट्रक यायच्या आधी कल्पना आली. शिल्पाश्रीने कळवलं असणार. मी म्हणालो, मला खात्री होती तू येशील. म्हणाली, लोकर न्यायला आलेय. चांगली लोकर आहे, ट्रकात कशाला घालवायची?

बायकांनी स्कूटर उघडी केली. आत बघवत नव्हती. फ्लोअर गंजून खालचा रस्ता दिसत होता. ट्रक घेऊन गेला. मी गच्चीतून बघितलं. लोक आहेत, उगीच बोलतात.

खाली आलो तर कल्पना घरात लोकर उसवत बसलेली. बॅग दारातच होती, उघडलेली नव्हती. मी विचारलं, राहणार आहेस ना? म्हणाली, आधी हात पुढे करा.

केले. तिने माझ्या दोन्ही मनगटांवर लडी घातली आणि गुंडा करू लागली. बराच वेळ. खांदे भरून आले. मी म्हणालो, पेपरवाल्यांना फोन करून खरं काय ते सांगतो. म्हणाली, केलाय शिल्पाश्रीने. मी विचारलं, याचं आता काय करणार? म्हणाली, बसस्टॉपच्या बाकाला. मी म्हणालो, बाकाच्या कडेला ताण जास्त येईल, तिथे टाके दुहेरी...

म्हणाली, हात हलवू नका.