काळी ढवळणी

४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खुशाली विचारशील तर मी जेवते, झोपते आणि रोज हरते. हट्टी तापाचे जंतू मारणाऱ्या ज्या पांढऱ्या भुकटीबद्दल मी नाचत नाचत लिहिलं होतं, ती पुन्हा बनतच नाहीये. तीच रसायनं, तेवढीच उष्णता, तेवढेच तास. अकरा वेळा करून पाहिलं, अकराही वेळा नुसतं गढूळ पाणी.

प्रयोगशाळेतले आमचे सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, की तीस तारखेच्या बैठकीआधी एकदा तरी करून दाखवा, नाहीतर पहिला निकाल चुकीचा होता असं लिहून काम बंद करू. म्हणजे मी एक तर वेंधळी, नाहीतर खोटारडी. आई, मी वहीत खोटं लिहिलेलं नाही. तुला सांगायची गरज नाही, पण कुणाला तरी सांगायचं होतं.

शिलाई कशी चाललीय? डोळ्यांना जप. मावशीला नमस्कार.

तुझी रडवेली,
ठमी

११ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. खोटं बोलणं तुला लहानपणीही जमलं नाही, कान लाल व्हायचे. तेव्हा तो विषय संपला.

तुझ्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही. पण एक झगा नीट बसला आणि त्याच मापाचा दुसरा बसला नाही, की मी माप घोकत बसत नाही. काय बदललं ते बघते. कापड, दोरा, सुई, सगळं. तूही लिहून काढ, अगदी फालतू वाटेल तेसुद्धा.

गेल्या खेपेला तू दिलेलं ते काळं चुंबक फार कामाचं निघालं. दोरा बांधून फरशीवरून फिरवलं की सांडलेल्या टाचण्या पटापट चिकटतात, कंबर वाचते. तुझ्या मावशीला मात्र तो कळकटपणा बघवत नाही. रविवारी घासून लख्ख करते म्हणतेय. तिचा हात तुला माहीत आहेच.

पोटभर जेव. आमची माया आहेच, तीही पोटभर घे.

तुझी,
आई

१४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मावशीला ते घासू देऊ नकोस! हात जोडते. हे पत्र रविवारच्या आत पोचेल की नाही, देव जाणे.

बदललं होतं तेच! ते चुंबक म्हणजे माझी जुनी ढवळणी. खालच्या यंत्रातल्या चुंबकाच्या ओढीने काचेच्या भांड्याच्या तळाशी फिरून मिश्रण ढवळते ती. काळी पडली म्हणून मी नवी पांढरी घेतली आणि जुनी तीनदा धुऊन तुला दिली. तो काळेपणा म्हणजे जुन्या प्रयोगांतला पॅलेडियम नावाचा धातू असणार, वरच्या प्लास्टिकच्या ओरखड्यांत रुतून बसलेला. त्याचा कणभर अंशही रसायनांची गाठ घालून देतो. ढवळणी कुठली वापरली हे कोण कशाला लिहितं? मीही लिहिलं नव्हतं. आहे तशी पाठव.

घाईत,
ठमी

१७ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज, मंगळवारी आलं. मावशी रविवारीच ब्रश घेऊन बसली होती. मी तिच्या हातातून ढवळणी काढून घेतली. चालत्या हत्याराला कुणी हात लावलेला मला खपत नाही, माझी कात्री तरी कुठे देते कुणाला? मावशी अजून फुगलेली आहे. बटणांच्या डबीत कापूस घालून ढवळणी पाठवतेय. टाचण्या काढल्यात, तरी एकदा बघ.

वाट बघणारी,
आई

३० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

झालं! तुझी ढवळणी घातली आणि सहा तासांत पांढरीशुभ्र भुकटी तळाशी बसली. मग नवी ढवळणी घेऊन, मोजून चिमूटभर पॅलेडियम टाकलं. तरीही झालं. आता हे कुणालाही, कुठेही करता येईल. आजच्या बैठकीत सर म्हणाले, की पहिला निकाल बरोबरच होता. मी बाहेर जाऊन मनसोक्त रडले, मग दोन माणसांचं जेवण जेवले. छातीवरचा दगड उतरला गं.

टाचण्यांसाठी नवी ढवळणी पाठवतेय. ही मावशीने हवी तेवढी घासावी, आणि रुसवा सोडावा.

एक राहिलं. वहीत प्रत्येक वस्तू कुठून आली ते लिहावं लागतं. या वेळी मी ढवळणीही लिहिली. तिच्यापुढे लिहिलं, ‘आईच्या शिवणाच्या खोलीतून.’ सरांनी वाचलं, चष्मा पुसला आणि खाली सही केली.

लोभ कणभरही पुरतो म्हणतात, पण तू मणभर ठेव.

तुझी,
ठमी